पोटखराब्यातली खाण

घर बांधायचं ठरलं की आधी आपल्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खाण लावायची, ही रत्नागिरीकडची जुनी रीत. घरापुरते, विहिरीपुरते जांभ्याचे चिरे निघाले की खाण बंद. जयगडच्या तटापासून आगरातल्या गडग्यापर्यंत सगळा जांभाच. पण एवढं बांधकाम होऊनही सड्यावर त्याची खूण शोधावी लागे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हा हिशेब पार बिघडला.

जांभा हा मुळात उरलासुरला दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा खडक इथे थरावर थर साचला होता. चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडं ऊन, या चक्रात त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेलं. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे राहिली. लोह जास्त तिथे तांबडा चिरा, ॲल्युमिनियम जास्त तिथे बॉक्साइट. दापोली-मंडणगडच्या बॉक्साइट खाणी याच भावकीतल्या.

खाणीच्या उभ्या भिंतीवर हे सगळं वाचता येतं. वर काळपट, टणक कातळ. त्याखाली भोकाभोकांचा, तांबडा-पिवळा जांभा. चिरा निघतो तो इथे. आणखी खाली गेलं की दगड मऊ पडत जातो आणि पांढरट-गुलाबी चिकण माती लागते, तिच्याही तळाशी मूळ काळा खडक. माती दिसायला लागली की खाण संपली. ही माती पाणी धरते आणि घसरते. रत्नागिरीजवळच्या पोमेंडीच्या कटिंगमधल्या घसरणाऱ्या मातीने कोकण रेल्वेला कित्येक पावसाळे छळलं आहे.

जमिनीत असताना जांभा ओलसर आणि कापायला सोपा असतो. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की त्यातलं लोह घट्ट होतं आणि दगड कडक बनतो. ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकाननने केरळात हे पाहून 1807 साली लिहून ठेवलं. आपल्याकडच्या गवंड्यांना ते अर्थातच आधीपासून ठाऊक होतं.

हाताने चिरा काढणं म्हणजे कंबरडं मोडणारं काम. टिकावाने चारी बाजूंनी चर मारायचा, खालून पहार घालून चिरा उचकटायचा, मग तासून सहा बाजू सरळ करायच्या. एक वेडीवाकडी शीर लागली की चिरा दुभंगला आणि सगळी मेहनत पाण्यात. पुढे यंत्रं आली. रुळांवर सरकणारं गोल पातं आधी लांबीत छेद मारतं, मग आडवे. दुसरं यंत्र तळातून कापत जातं. माणसाच्या हाती उरलं ते पहारीने चिरा सुटा करून ट्रकमध्ये भरणं. तेही सोपं नाही: तांबडी धूळ नाकातोंडात, कानात पात्याची किंचाळी, आणि हे करायला बहुतेक ठिकाणी घाटावरचे किंवा कर्नाटकातले मजूर. यंत्राने पाठी वाचवल्या हे खरंच. पण घरापुरती खाण त्यानेच मोडली. आता खाण लागते ती ट्रकच्या खेपांसाठी.

सडा खाणींना इतक्या सहज का दिला गेला, याचं उत्तर मला सातबाऱ्यात दिसतं. तिथे कातळाची नोंद बहुधा ‘पोटखराबा’. ज्यावर पीक नाही, ते गेलं तर काय गेलं? पावसाळ्यात तिथे उगवणारं गवत, गुरांची चराई, झऱ्यांना मुरणारं पाणी यांचा रकाना कागदावर नाही.

पर्यावरणाचा कायदा इथे पोचला तो उशिरा. चिरा हे गौण खनिज; रॉयल्टी ब्रासवर भरायची आणि परवाना महसूल खात्याकडून घ्यायचा, एवढाच कारभार होता. फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरणीय मंजुरी लागू केली. निर्णय योग्यच होता, पण चार गुंठ्यांत घरासाठी चिरे काढणारा आणि डोंगर पोखरणारा यांना एकाच रांगेत उभं केल्यावर धडपड पहिल्याचीच होणार.

त्याच सुमारास पोटखराब्याला वेगळीच किंमत आली. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं अभ्यासकांनी एकामागोमाग उजेडात आणली आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. शिल्पं कोरली आहेत ती वरच्या टणक थरात. खाण लावताना पहिल्यांदा उखडून बाजूला टाकला जातो, तो हाच थर.