पेशींचे विभाजन आणि शेतकऱ्याचे बियाणे

पेरणीचे दिवस जवळ आले की गावपातळीवरील कार्यकर्त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. उसाचे बेणे शेतकरी मळ्यातूनच घेतो, गव्हाचे बी घरच्या कणगीतले वापरतो, आणि त्यात कोणी वावगे मानीत नाही. मग संकरित ज्वारीचे बी मात्र दरवर्षी विकत का घ्यावे? गेल्या हंगामातील टपोरी कणसे निवडून त्यांचेच बी पेरले तर काय बिघडले? हे सारे बी-व्यापाऱ्याच्या लाभासाठी तर सांगितले जात नाही ना?

प्रश्न रास्त आहे आणि "तसे करू नये" एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही. ज्याने असे बी राखून पेरले, त्याच्या शेतात एक ताट उंच तर शेजारचे ठेंगणे, एक कणीस भरगच्च तर दुसरे विरळ, एक आधी निसवलेले तर दुसरे मागे राहिलेले, असा प्रकार दिसतो. बियाण्याचे चार पैसे वाचतात, पण हंगाम हातचा जातो. याचे कारण जमिनीत नाही, खतात नाही व पावसातही नाही. ते नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत, आणि ती पेशी कोणत्या रीतीने दुभंगते यात आहे.

पेशीपासूनच पेशी

सन १६६५ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरे दिसली. त्याने त्यांना जे नाव दिले, त्यालाच मराठीत पेशी म्हणतात. पुढे १८३८ साली श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि १८३९ साली श्वानने प्राण्यांविषयी दाखवून दिले की, सर्व सजीवांचे शरीर पेशींचेच बनलेले असते. १८५५ साली फिरखो या जर्मन वैद्याने त्यात महत्त्वाची भर घातली. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, असे त्याने प्रतिपादन केले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या वचनाचा अर्थ मोठा आहे. माती, पाणी व खत पिकाचे पोषण करतात, पण पिकाचा वाण घडवीत नाहीत. वाण येतो तो आधीच्या पेशीतून. तो पुढच्या पेशीत कसा जातो याच्या दोन रीती आहेत. एक रीत जसेच्या तसे राखते. दुसरी रीत पिसून नवे करते.

राखणारे विभाजन

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. जुन्या पुस्तकांत त्यांना रंगसूत्रे असेही म्हटले आहे. सजीवाचे सारे गुणधर्म या सूत्रांत साठविलेले असतात. प्रत्येक जातीची सूत्रसंख्या ठरलेली असते. कांद्याच्या पेशीत ती १६, ज्वारीत २०, भातात २४ व गव्हात ४२ असते. गाईच्या पेशीत ६०, तर माणसाच्या पेशीत ४६ असते.

वाढीच्या वेळी पेशी दुभंगते तेव्हा प्रथम प्रत्येक सूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते. नंतर सूत्रे आखडून जाड होतात व पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. मूळ सूत्र एका टोकाकडे व त्याची नक्कल दुसऱ्या टोकाकडे ओढली जाते. शेवटी मध्ये पडदा येऊन एकीच्या दोन पेशी होतात. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली या क्रियेचे बारकाईने वर्णन प्रसिद्ध केले. मराठीत तिला सूत्री विभाजन म्हणतात.

भाऊ वेगळे झाले की जमीन वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. येथे तसे घडत नाही. दस्तऐवजाची पूर्ण नक्कल करून दोघांना एकेक सबंध प्रत मिळावी, तसा हा व्यवहार आहे. कांद्याच्या १६ सूत्रांच्या पेशीतून १६ सूत्रांच्याच दोन पेशी निघतात, आणि दोन्ही मूळ पेशीसारख्याच असतात.

ही क्रिया वनस्पतीत सर्वत्र सारखी चालत नाही. मुळाचे टोक, शेंडा, डोळे व सालीच्या आतील ओलसर थर या ठिकाणी ती जोमाने चालते. गावातील शाळेत किंवा चावडीवर याचा पडताळा घेता येतो. हरभरा भिजवून ओल्या फडक्यात मोड आणावेत. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले की टोकापासून वर एकेक मिलिमीटरवर शाईच्या बारीक रेघा ओढाव्यात व दाणा पुन्हा ओलसर ठेवावा. दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतील. वरच्या रेघा मात्र होत्या तेथेच राहतील. टोकाशी नव्या पेशी जन्मतात व लगेच मागे त्या लांबतात, म्हणून मूळ पुढे सरकते.

बेणे व कलम

उसाच्या कांडीवरील डोळा म्हणजे अशाच दुभंगणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका होय. त्यातून फुटणारा ऊस केवळ सूत्री विभाजनाने वाढतो, म्हणून तो मूळ उसाचीच नक्कल असतो. महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेली को ८६०३२ ही जात घ्यावी. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथे उसाला तुरा येऊन बी धरते, म्हणून संकराचे काम तेथे सुलभ होते. को ६२१९८ व को सी ६७१ यांच्या संकरातून आलेल्या असंख्य रोपांतून एक रोप निवडले गेले. आज या जातीचा जो ऊस शेतोशेती उभा आहे, तो सारा त्या एका रोपाच्या पेशींच्या विभाजनाचा विस्तार आहे.

आंब्याचे कलमही याच नियमाने जगते. हापूसची काडी खुंटाला घट्ट बांधली की दोहोंच्या सालीखालील थरांतील पेशी दुभंगू लागतात, एकमेकींना भिडतात व सांधा जुळतो. थर थराला नीट टेकला नाही किंवा सांध्यात हवा व पाणी शिरले, तर कलम मरते. सांधा जुळल्यावरही काडी आपला वाण सोडीत नाही. तिच्यापासून वाढलेल्या फांद्यांना हापूसच लागतो. तीच कोय रुजविली तर मात्र झाडाला हापूसच येईल याची हमी नसते. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

नक्कल होते ती गुणांची, पण बेण्याबरोबर रोगही जातो. गवताळ वाढ, काणी व खोडवा खुजा करणारा रोग हे बेण्यातून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात पोहोचतात. म्हणून बेण्याचा मळा स्वतंत्र राखावा. बेणे नऊ ते अकरा महिन्यांच्या निरोगी उसाचे घ्यावे, खोडव्याचे घेऊ नये, आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. मूलभूत बेण्यासाठी ५४ अंश सेल्सिअसच्या दमट उष्ण हवेत अडीच तास, किंवा ५० अंशाच्या पाण्यात दोन तास प्रक्रिया करण्याची शिफारस आहे. ही सोय अनेक ठिकाणी कारखान्यांकडे किंवा संशोधन केंद्रांत असते.

पिसणारे विभाजन

फुलोरा येण्याच्या वेळी पिकात दुसऱ्या रीतीचे विभाजन सुरू होते. तेही याच सूत्रांचे असते. पण त्याचा हेतू वेगळा आहे. ज्वारीच्या पेशीतील २० सूत्रे म्हणजे दहा जोड्या होत. प्रत्येक जोडीतील एक सूत्र आईकडून व एक बापाकडून आलेले असते. परागकण व स्त्रीबीज तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येकात दहाच सूत्रे उरतात. परागण झाल्यावर दहा व दहा मिळून पुन्हा २० होतात. अशी निम्मी विभागणी झाली नसती, तर सूत्रांची संख्या पिढीगणिक दुप्पट होत गेली असती. या क्रियेस अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात.

सूत्रांचा हा हिशेब अमेरिकेतील वॉल्टर सटन या तरुणाने १९०२ व १९०३ साली मांडला. तो कॅन्सस राज्यातील शेतकरी कुटुंबातला होता, आणि त्याने आपला अभ्यास मोठ्या नाकतोड्यांच्या पेशींवर केला. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली आनुवंशाचे जे नियम प्रसिद्ध केले होते, त्यांचा आधार या सूत्रांत सापडतो, हे सटन व जर्मनीतील बोव्हेरी यांनी दाखवून दिले.

जोड्या फुटताना प्रत्येक जोडीतील कोणते सूत्र कोणत्या परागकणात जावे याला बंधन नसते. दहा जोड्यांतून १,०२४ प्रकारचे परागकण होऊ शकतात, आणि स्त्रीबीजेही तितक्याच प्रकारची. दोहोंचे मिलन १०,४८,५७६ रीतींनी संभवते. शिवाय फुटण्यापूर्वी जोडीतील सूत्रे आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच.

संकरित बी का राखू नये

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. देशातील पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-१, १९६४ साली प्रसारित झाली. अशा संकरासाठी दोन शुद्ध ओळी वर्षानुवर्षे वेगळ्या राखाव्या लागतात. शुद्ध ओळीत जोडीतील दोन्ही सूत्रे एकसारखी असतात, म्हणून पिसण्याने तेथे काही बदलत नाही. एका ओळीचे सारे परागकण सारखेच. दोन ओळींच्या संकरातून आलेले प्रत्येक रोपही त्यामुळे सारखेच असते, आणि त्यात संकराचा जोम असतो.

पण त्या संकरित ताटात प्रत्येक जोडीतील एक सूत्र एका ओळीचे व दुसरे दुसऱ्या ओळीचे असते. त्याचे परागकण व स्त्रीबीजे तयार होताना खरी पिसाई होते. हेक्टरी १.८ लक्ष ताटांच्या शेतात दोन ताटे तंतोतंत सारखी सापडणे मग कठीण. काही ताटांत तर परागच धरत नाही. संकराचा जोम स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत घटतो, कारण जोडीतील भिन्नता दर पिढीस निम्मी होते. टपोरे कणीस निवडण्याने हे टळत नाही. कणीस दिसते ते ताटाचे रूप. त्यातील दाणा मात्र नव्या वाटणीचा असतो. हापूसच्या कोयीची गोष्टही हीच आहे.

गहू, भात व हरभरा यांचे सरळ वाण स्वपरागित असतात. त्यांत जोडीतील सूत्रे सारखीच असल्याने घरचे बी, भेसळ काढून व उगवण तपासून, काही वर्षे निर्धास्त वापरता येते. तुरीवर मधमाश्या फिरतात व थोडे परपरागण होते. म्हणून तुरीचे बी शेताच्या कडेचे न घेता मधले घ्यावे, आणि काही वर्षांनी बदलावे.

काही अपवाद

नागपुरी संत्र्याचे डोळे ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, तिच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे निघतात. त्यांतील बहुतेक रोपे परागणातून नव्हे, तर बीमधील आईच्या पेशी सूत्री विभाजनाने वाढून झालेली असतात. म्हणून खुंट एकसारखे मिळतात. रोपवाटिकेत वेगळी किंवा दुबळी दिसणारी रोपे काढून टाकावीत ती याचसाठी.

केळीच्या पेशीत ३३ सूत्रे, म्हणजे अकरांचे तीन संच असतात. तिघांची जोडी लागत नाही. पिसणारे विभाजन बिघडते आणि फळात बी धरत नाही. म्हणून केळ मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनीच लावावी लागते. सारी बाग एकसारखी येते, हा लाभ. पण जो रोग एका झाडाला जिंकतो, तो सर्वांना जिंकतो. मध्य अमेरिकेतील निर्यातीच्या बागांत ग्रो मिशेल ही केळीची जात पनामा रोगाने याच कारणाने बसली, आणि १९६० च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश गटाच्या जातींनी घेतली.

राखणाऱ्या विभाजनातही क्वचित नक्कल चुकते व एखादी फांदी किंवा वेल वेगळी निघते. बहुधा असा फरक निरुपयोगी असतो. कधी मात्र तो सोने ठरतो. थॉम्पसन सीडलेस द्राक्षातील अशाच फरकातून सोलापूर जिल्ह्यातील नानज येथे लांबट मण्यांची सोनाका ही जात बागेतच निवडली गेली. शेतकऱ्याची नजर येथे प्रयोगशाळेइतकीच मोलाची ठरली.

म्हणून बियाण्यासंबंधी सल्ला देताना कार्यकर्त्याने प्रथम एकच गोष्ट विचारावी: हे पीक डोळ्यापासून लावले जाते की दाण्यापासून? डोळ्यापासून असेल तर वाण टिकेल. तेथे रोगावर लक्ष ठेवावे. दाण्यापासून असेल तर तो सरळ वाण आहे की संकरित, हे पिशवीवरील खूणचिठ्ठीवरून पाहावे. सरळ वाणाचे बी निवडून राखावे. संकरित बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे, आणि पिशवी, खूणचिठ्ठी व पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी.