पाण्यातले ओझे



जालन्यासारख्या कोरड्या मुलखात समुद्राच्या पोटात शिरण्याविषयी बोलण्यास मी उभा राहिलो, तेव्हा पहिल्या रांगेतील काही मंडळी गालात हसली. त्यांचे हसणे रास्त आहे. ज्या गावाने टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, त्या गावाला पाठीवर हवेची टाकी बांधून माशांमध्ये हिंडण्याशी काय कर्तव्य? पण आजचा माझा विषय खरे म्हणजे ओझ्याचा आहे, आणि ओझे हा विषय आपल्या मोंढ्यातील हमालाला आणि लोखंडाच्या कारखान्यातील कामगाराला कोणी शिकवावा लागत नाही.

आमच्या गावी मुलांना पोहायला विहिरीत शिकवीत. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांनी माझ्या पाठीवर तेलाचा रिकामा, झाळून बंद केलेला डबा बांधला आणि मला पाण्यात लोटले. मी बुडालो नाही, पण माझे तोंड पाण्यात आणि ढुंगण वर! चुलत्यांनी केस धरून मला पायरीवर ओढले, दोन शिव्या दिल्या आणि डबा कमरेवरून सरकवून खांद्यांच्या फऱ्यांखाली घेतला. पुन्हा लोटले. या वेळी तोंड वर राहिले. डबा तोच, मुलगा तोच, पाणीही तेच. बदलली ती फक्त गाठीची जागा. तिच्यावर माझा श्वास अवलंबून होता, हे त्या वयात कळले नाही.

ते कळले पुढे चाळीस वर्षांनी, मालवणला. दिवाळीनंतर युनियनचे आम्ही काही सभासद सहलीस गेलो होतो. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर हौशी प्रवाशांना पाण्याखाली नेणारे तरुणही पुष्कळ आहेत. स्कूबा म्हणजे आपली हवा आपण पाठीवर घेऊन बुडी मारणे. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ या दोघांनी श्वासाच्या ओढीबरोबर हवी तेवढीच हवा सोडणारी झडप तयार केली, आणि पाणबुड्याची वरून येणाऱ्या नळीतून सुटका झाली.

माझी स्थिती पाण्याखाली अशी झाली: डोके वर, पाय खाली, अंग जिन्यासारखे तिरपे. मी पाय मारी आणि पुढे जाण्याऐवजी वर जाई. थांबलो की खाली. तळाची माती उधळून सगळे गढूळ झाले. मला नेणारा मुलगा माझ्या टाकीचा गळा धरून सबंध वेळ मला सरळ करीत होता. वर आल्यावर तो म्हणाला, "काकानू, तुमचे पाय खाली जातत." मी म्हटले, "वजन काढून टाक." त्याने मान हलविली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पैसे भरले (घरी हे सांगितलेले नाही), तेव्हा त्याने माझ्या कमरपट्ट्यातील शिशाचे दोन तुकडे काढून टाकीच्या वरच्या पट्ट्याला, खांद्याजवळ, बांधले. मी आडवा झालो. केवढे सुख!

याचे कारण आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी अर्धे सांगून ठेवले आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली. आर्किमिडीजची व माझी भेट युनियनच्या कचेरीतील जुन्या पुस्तकांच्या कपाटात झाली. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती वर उचलली जाते. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते. अंगावरील रबरी पोशाखात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून तो माणसाला वर उचलतो, आणि ते उचलणे फेडण्यासाठी शिसे बांधावे लागते. हा झाला वजनाचा हिशेब. जागेचा हिशेब निराळा.

शरीराचे सारे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढते, आणि पाण्याचे सारे उचलणे जणू दुसऱ्या एका बिंदूतून वर ढकलते. फुप्फुसे छातीत असल्यामुळे उचलण्याचा बिंदू छातीकडे असतो. वजनाचा बिंदू त्यापेक्षा थोडा कमरेकडे. पाणी काय करते? उचलण्याचा बिंदू वजनाच्या बिंदूच्या बरोबर वर येईपर्यंत शरीर फिरविते. त्यात कमरेला शिसे बांधले, म्हणजे पाय आणखी खाली. बैलगाडीत पोती मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांचे गळे वर ओढते. पुढे जास्त भरली की तेच जू मानेवर बसते. शहाणा गाडीवान त्यासाठी पोते उतरवीत नाही, सरकवितो. मालवणच्या त्या मुलाने हेच केले. दोन किलो शिसे कमरेपासून खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मीटर, सरकविले. एकूण वजनात गुंजभर फरक नाही.

आमच्या कारखान्यांतून क्रेनची साखळी मध्यावर बसली नाही तर सळ्यांचे बंडल कलते. असे कललेले एक बंडल एका कामगाराच्या पायावर आलेले मी पाहिले आहे. तेव्हा चौकशीत प्रश्न विचारला गेला तो एवढाच, की वजन मर्यादेत होते का? होते. साखळी कोठे बांधली होती, हे कोणी विचारले नाही. पाण्याखालीही तसेच घडते. नवशिका किती किलो विचारतो, कोठे हे विचारीत नाही.

आणि तिरपेपणाची किंमत हवेत मोजावी लागते. पाय खाली असलेल्या माणसाची प्रत्येक लाथ त्याला थोडी वर ढकलते. वर जाऊ नये म्हणून तो नकळत जाकिटातील हवा कमी ठेवतो, म्हणजे मुद्दाम जड राहतो. मग थांबला की बुडतो, म्हणून थांबतच नाही. शिवाय आडव्या माणसाला पाणी फक्त डोक्या-खांद्यांवर अडविते. तिरप्याला सबंध अंगावर. दम लागतो. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दुप्पट होतो, म्हणून तेथील प्रत्येक श्वासाला टाकीतून दुप्पट हवा जाते. दमलेला माणूस टाकी किती लवकर रिकामी करील, हे तुम्हीच ताडा.

किंमत दुसऱ्यांनाही पडते. मालवणचा सागरी प्रदेश १९८७ पासून अभयारण्य आहे. तेथे खडकांवर प्रवाळ आहेत, आणि त्यांतील सावकाश वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. लोंबत्या पायाचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो. आणि त्या मुलाचे काय? दिवसभर वाकडी माणसे टाकीला धरून सरळ करणे ही हमालीच आहे. पाण्यात आहे म्हणून दिसत नाही, एवढेच.

आता उपाय. आधी शिसे किती, ते ठरवावे. टाकी संपत आलेली असताना, जाकीट रिकामे करून, साधा श्वास छातीत घेऊन पृष्ठभागावर उभे राहिले तर पाणी डोळ्यांशी यावे, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जावे. टाकी संपत आलेली असताना हे का पाहायचे? तर हवेलाही वजन आहे. अकरा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने भरलेली हवा सुमारे अडीच किलो भरते, आणि परत येताना ते वजन गेलेले असते. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी झाली की तिचा बूड वर उचलला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

मग जागा. स्थिर, आडवे राहून हातपाय न हलविता काय होते ते पाहावे. पाय खाली गेले तर शिसे वर सरकवावे, टाकी पट्ट्यात जराशी डोक्याकडे घ्यावी, हात पुढे लांबवावे, गुडघे मोडून पाय मागे घ्यावे. पायांतील वल्ही जड असतील तर हलकी घ्यावी. डोके खाली गेले तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशाने काय झाले ते कळत नाही. हा समतोल श्वास कोंडून साधू नये. वर येताना छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास चालूच ठेवायचा.

समुद्रावर जाणारे तुमच्यापैकी थोडे असतील, विहिरीवर जाणारे पुष्कळ. परवा पुतण्याच्या मुलाला पोहायला नेले. आता डब्याऐवजी प्लॅस्टिकचा कॅन असतो. शेजारच्या पोराचा कॅन कमरेवर घसरलेला होता आणि त्याचे वडील वर बसून फोनवर बोलत होते. मी त्यांना खाली बोलावले. कॅन फऱ्यांखाली घेतला, एक दोरी छातीवरून आणि दुसरी काखेतून घालून तो घसरणार नाही असा बांधला, आणि वडिलांनाही त्या पोराबरोबर पाण्यात उतरविले.