चोरीचा आळ आणि त्याचें उत्तर

आमच्या घरांत गाण्याचा नाद तीन पिढ्यांचा. धंदा मात्र कोणाचाच नाहीं. रविवारीं सायंकाळीं थोरले काका पेटी काढून बसतात, धाकटी पुतणी जुनीं नाट्यपदें म्हणते, आणि परगांवच्या आप्तांना तीं ऐकावयास मिळावींत म्हणून आम्ही त्यांचें मुद्रण आंतरजालावर ठेवितों. गेल्या वर्षीं तिनें ‘सौभद्र’ नाटकांतील एक पद म्हटलें. दुसऱ्याच दिवशीं सूचना आली कीं, या गाण्यावर एका ध्वनिमुद्रिका-कंपनीची मालकी असून आपण तें विनापरवाना वापरलें आहे.

सूचना छापील साच्याची होती. पण मुलगी रडकुंडीस आली. “मी कुणाचें काय चोरलें?” हा तिचा प्रश्न. वहिनी म्हणाल्या, “काढून टाका तें, कशाला नसती ब्याद!” काका तर कोर्टाचीच भाषा बोलूं लागले. आम्हांस दोन्ही मार्ग पसंत पडले नाहींत. मुकाट्यानें माघार घेणें म्हणजे न केलेल्या चोरीची कबुली देणें. आणि संतापाच्या भरांत लिहिलेल्या पत्राला पुराव्याचें बळ नसतें. म्हणून आम्हीं प्रथम स्वतःचीच झडती घेतली.

अशा वेळीं तीन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात: शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि मुद्रण कोणाचें? ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें १८८२ सालीं, आणि त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीं निवर्तले. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षें हक्क चालत असे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या कृतींवरील हक्क १९९१ अखेर संपावयाचा होता. त्या सुमारास ही मुदत ६० वर्षें करण्यांत आली. ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. तेव्हां कसाही हिशेब केला तरी अण्णासाहेबांचें पद केव्हांच सर्वांचें झालें आहे. आणि काकांनीं धरलेली चालही त्याच जुन्या परंपरेंतील.

राहिलें मुद्रण. कंपनीला आपल्या मुद्रिकेवर स्वतंत्र हक्क असतो आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षें टिकतो. तिची मुद्रिकाच आम्हीं उचलून वाजविली असती, तर तक्रार अगदीं रास्त होती. परंतु येथें गळा पुतणीचा होता आणि पेटी काकांची!

मग चूक झाली कोठें? कंपन्या आपल्या मुद्रिका यंत्राच्या स्वाधीन करितात. यंत्र प्रत्येकीचा जणूं आंगठ्याचा ठसा घेतें आणि नवें मुद्रण आलें कीं त्याच्याशीं ताडून पाहतें. पद तेंच, चाल तीच, म्हणजे तें फसूं शकतें. २०१८ सालीं इंग्लंडांतील पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनीं स्वतः वाजविलेल्या बाखच्या रचनेवर असाच दावा झाला आणि त्यांतील ४७ सेकंद मुके करण्यांत आले. बाख तर १७५० सालींच वारला होता! पुढें तो दावा मागें घेतला गेला.

आम्हींही पांच ओळींचें उत्तर धाडलें: कर्त्याचें नांव, मृत्यूचें वर्ष, गाणारी कोण, वाजविणारा कोण, आणि मुद्रण आमच्याच घरीं झालें ही गोष्ट. दूषण एकही नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत दावा मागें घेतल्याचें कळलें. क्षमेचा शब्द त्यांत नव्हता. पण मुलीच्या चेहऱ्यावरचें मळभ गेलें, तेंच आम्हांस पुष्कळ वाटलें.

प्रकरण येथें मिटलें नसतें तरी आपला कायदा अगदींच निरुपाय ठेवीत नाहीं. लेखी तक्रारीवरून मध्यस्थ स्थळानें एखादी वस्तु अडवून ठेविली, तर २१ दिवसांत तक्रारदारानें न्यायालयाचा हुकूम आणला पाहिजे. न आणल्यास स्थळाला ती पुन्हां खुली करितां येते. शिवाय कोणी निराधार दाव्याची धमकी देत राहिला, तर त्याला आळा घालण्यासाठीं कलम ६० अन्वयें आपणच न्यायालयांत दाद मागूं शकतों.

मात्र जो न्याय आपण मागतों तो आपणही दिला पाहिजे. पुढच्याच महिन्यांत पुतणीनें विचारलें, “आतां गीतरामायणांतलें एखादें ठेवूं या का?” आम्हीं तिलाच हिशेब करावयास सांगितलें. माडगूळकर १९७७ सालीं गेले. म्हणजे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ सालीं गेले. म्हणजे चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत. क्षणभर विचार करून ती म्हणाली, “मग हें घरांतच गाऊं. बाहेर ठेवायचें तर आधीं परवानगीचें पाहूं.”

खोट्या आळाला भिऊं नये, हें त्या पत्रानें तिला शिकविलें; आणि दुसऱ्याच्या हक्काला हात लावूं नये, हें तिचें तिलाच कळलें. काकांनीं पेटी पुढें ओढली, आणि त्या रविवारीं घर भरून गाणें झालें.