टॅरो पत्ते
खेळण्याच्या चित्रांकित पत्त्यांचा एक यूरोपीय संच. भविष्यकथनासाठी तो प्रसिद्ध असला, तरी त्याची निर्मिती खेळासाठी झाली. इ. स. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत चार रंगांच्या रूढ पत्त्यांना चित्रमय हुकमी पत्ते जोडून तो सिद्ध झाला. प्रमाणभूत संचात ७८ पत्ते असतात : चषक, तलवार, नाणे व दंड या रंगांचे प्रत्येकी १४, हुकमाचे २१ व एक विदूषक. फ्रान्स, ऑस्ट्रिया इ. देशांत हा खेळ अद्याप खेळला जातो.

हे पत्ते म्हणजे प्राचीन ईजिप्तचे गुप्त ज्ञान, ही समजूत १७८१ मध्ये कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने रूढ केली. त्या वेळी ईजिप्शियन चित्रलिपी कोणासही वाचता येत नव्हती. १८२२ मध्ये तिचा उलगडा होऊ लागला. या मताला आधार मिळाला नाही, मत मात्र टिकले. आजची सर्वपरिचित चित्रे तर १९०९ मधील असून ती ए. ई. वेट याच्या योजनेनुसार पॅमेला कोलमन स्मिथ हिने काढली. तेराव्या, ‘मृत्यू’ या पत्त्याचे भय विशेष; तथापि पत्ते वाचणारेही त्याचा अर्थ बहुधा मरण असा न करता स्थित्यंतर असाच करतात. पिसलेल्या संचातून कोणता पत्ता निघेल, हे केवळ योगायोगावर अवलंबून असते.

पत्त्यावरील चित्र गूढ वा धार्मिक असले, म्हणजे पत्ता भविष्यसूचक ठरतोच असे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकाचे १२, असे १२० वर्तुळाकार पत्ते असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी ही पाने येतात. हा संच खेळण्यासाठीच आहे.