दिलेले नागरिकत्व परत घेताना

वेशीवरचे कायदे : भाग ७

मागच्या भागात अमेरिकेचा १९१७ चा स्थलांतर कायदा पाहिला. हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्या मजुरांना त्याने दार बंद केले. पण जे आधीच आत पोचले होते, जमिनी कसत होते, दुकाने चालवत होते, त्यांचे काय झाले? स्थलांतर कायद्यांची चर्चा बहुधा वेशीपाशीच थांबते. कोणाला आत घेतले आणि कोणाला परत पाठवले, एवढेच आपण विचारतो. या कायद्यांची झळ आत संसार मांडून बसलेल्यांना कशी लागते, ते १९२३ च्या एका निकालातून फार स्पष्ट दिसते.

परदेशी माणसाला अमेरिकेचा नागरिक व्हायचे तर तो मुक्त आणि गोरा असावा, अशी अट १७९० पासून होती. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती वाट खुली झाली. हिंदी माणूस यात कुठे बसतो, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. ते ज्या त्या न्यायाधीशाच्या समजुतीवर अवलंबून राही. त्यामुळे काही हिंदी लोक रीतसर नागरिक झाले, तर काहींचे अर्ज फेटाळले गेले.

भगतसिंग थिंद हे पंजाबातून १९१३ मध्ये तिथे गेले. ऑरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केले आणि पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये, अंगावर गणवेश असताना त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत ते रद्द झाले. १९२० मध्ये ऑरेगॉनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले, तेव्हा सरकारने प्रकरण वर नेले. थिंद यांच्या निकालाच्या तीनच महिने आधी ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. ते निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच १९ फेब्रुवारी १९२३ रोजी थिंद यांना सांगितले, की वंशशास्त्र हिंदी माणसाला कॉकेशियन म्हणत असले, तरी सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले होते.

या खटल्यातली एक गोष्ट मला आजही टोचते. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो उच्च जातीचा. आपण शुद्ध आर्य आहोत, जातीबाहेर लग्न न करण्याच्या चालीने हे रक्त राखले आहे, असा त्याचा रोख होता. त्याच देशात, सात वर्षांपूर्वी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी हिंदुस्थानचे लोक हे अनेक वंशांचे मिश्रण आहे असे मांडले होते आणि जातीबाहेर लग्नाची बंदी हेच जातीचे मूळ म्हणून दाखवले होते. ज्या बंदीला त्यांनी प्रश्न विचारला, तीच इथे दाखला म्हणून पुढे केली गेली. न्यायालयाने तो दाखला मानला नाही. जातीच्या बंधनांनीही सरमिसळ पूर्ण थांबली नाही, असे म्हणून त्याने तो बाजूला ठेवला. अन्यायी अट मोडण्याऐवजी तिच्यात स्वतःला बसवायला गेले की हाती काय येते, ते इथे दिसते.

निकाल एका माणसाचा होता. सरकारने तो हत्यारासारखा वापरला. पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर, तुमचे नागरिकत्व मुळातच बेकायदा होते, असे दावे लावले गेले आणि पन्नासहून अधिक जणांचे नागरिकत्व गेले. इथे दुसरे कायदे जागे झाले. कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२० च्या जमीन कायद्यांनुसार, नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती, पुढे खंडानेही करता येत नव्हती. निकालानंतर राज्याचे महाधिवक्ता युलिसिस वेब हिंदी शेतकऱ्यांच्या जमिनींमागे लागले. इम्पीरियल खोऱ्यात पंजाब्यांनी जमिनी ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर ठेवल्या. गावाकडून बायको आणता येत नव्हती, म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. अशा अपात्र पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचेही नागरिकत्व १९२२ च्या केबल कायद्याने जाई. ती तरतूद १९३१ पर्यंत टिकली.

वैष्णोदास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर चळवळीशी जोडलेला हा माणूस ब्रिटिश सत्ता नाकारून १९२१ मध्ये अमेरिकी नागरिक झाला होता. नागरिकत्व गेल्यावर घर आणि दुकान हातचे गेले. मायदेशी जायचे म्हटले तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे उत्तर मिळाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि मागे ठेवलेल्या पत्रात याच कायद्याकडे बोट दाखवले.

याच सरकारशी सखाराम गणेश पंडित लढले आणि जिंकले. अहमदाबादेत जन्मलेले पंडित लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत. थिंद यांच्या वकिलांपैकी ते एक होते. १९१४ मध्ये मिळालेले त्यांचे स्वतःचे नागरिकत्व काढण्याचा दावा आला, तेव्हा त्यांनी वंशाचा मुद्दा दूर ठेवला. सक्षम न्यायालयाने दिलेला निकाल, ज्यावर सरकारने वेळेत अपील केले नाही, तो इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, असे त्यांनी मांडले. या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली उभी केली, घर घेतले, लग्न केले, हेही त्यांनी दाखवून दिले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायचे नाकारले आणि उरलेले दावे मागे पडले. बगाईंसारखे अनेकजण तोवर सर्व गमावून बसले होते.

थिंद यांना नागरिकत्व मिळाले ते १९३६ मध्ये, महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्यामुळे. इतरांना २ जुलै १९४६ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. हिंदी लोकांना नागरिक होता येऊ लागले आणि वर्षाला १०० जणांना प्रवेशाची मुभा मिळाली. या कायद्यासाठी झटलेले दलीपसिंग सौंद यांनी १९२४ मध्ये बर्कलीत गणितात डॉक्टरेट मिळवली होती, तरी वर्षानुवर्षे ते इम्पीरियल खोऱ्यात शेतीच करत राहिले. १९४९ मध्ये ते नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. शंभराची ती मर्यादा हटवणाऱ्या १९६५ च्या कायद्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.