डिझेलचा धूर आणि कोयत्याचा वाटा

गळीत हंगाम सुरू झाला की कराड तालुक्यातला रस्ता मोकळा राहत नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना, या दोन्हींकडे उसाने लादलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, आणि चढ आला की काळ्या धुराचा लोट. त्यात पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ट्रकची भर. हा धूर हवेत विरून जातो, असे बंद काचेच्या गाडीत बसणाऱ्यांना वाटते. तो विरत नाही. रस्ता झाडणारा सफाई कामगार, अड्ड्यावरचा हमाल, कडेला पाटी मांडून बसलेली भाजीवाली आणि टायरगाडीवर उसाच्या ढिगावर लेकरू घेऊन बसलेली ऊसतोड बाई, यांच्या छातीत तो आधी जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणारा म्हणून जाहीर केला. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या यादीत आहेत, त्याच यादीत. म्हणून हा प्रश्न केवळ पर्यावरणवाद्यांचा नाही, तो आमच्या वस्तीचा आहे.

यावर उपाय नाही असे नाही. करंज, मोगली एरंड, नाहीतर हॉटेलात वापरून झालेले खाद्यतेल घ्यायचे, मिथेनॉलशी त्याची प्रक्रिया करायची, ग्लिसरीन वेगळे काढायचे; उरते ते बायोडिझेल. इंजिनात मोठा बदल न करता ते डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार अशा मिश्रणाने धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले इंधन २१ टक्के कमी होते. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्क्यांनी वाढतात, हेही सांगितले पाहिजे. जादूची कांडी विकणाऱ्यांपासून बहुजनांनी सावध राहावे.

इथेनॉलची गोष्ट वेगळी. पेट्रोलमध्ये ते सहज मिसळते. डिझेलमध्ये मात्र थोडे पाणी लागले किंवा गारठा पडला की वेगळे होऊन बसते, आणि डिझेल इंजिनात ते सहज पेटतही नाही. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्राने इथेनॉल सोडून डिझेलसाठी आयसोब्युटेनॉलच्या चाचण्यांची भाषा सुरू केली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रयोग २००१ मध्ये जिथे झाला, त्या मोजक्या ठिकाणांत आपले मिरज होते. जानेवारी २००३ मध्ये ५ टक्के मिश्रण नऊ राज्यांत लागू झाले आणि २०२५ मध्ये देश २० टक्क्यांवर पोचला. बायोडिझेलचे काय झाले? २००३ च्या सुमारास २० टक्क्यांचे स्वप्न दाखवले गेले, २००९ च्या धोरणात त्याला २०१७ ची मुदत दिली गेली, २०१८ च्या धोरणात ते ५ टक्के आणि २०३० वर आले. प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्याच्याही आत राहिले. इथेनॉलमागे साखरसम्राट उभे होते. करंजाच्या बिया वेचणाऱ्या बाईमागे कोण उभे राहणार?

मोगली एरंडाची लागवड कुठे करायची, तर म्हणे पडीक जमिनीवर! आम्ही विचारतो, महाराष्ट्रात पडीक म्हणजे कुठली जमीन? गायरान. ज्या गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना १९५९ आणि १९६४ मध्ये तुरुंग भरायला लावले, तीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी अनेक गावांत सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी आमचा माणूस चकरा मारतोच आहे. कागदावर पडीक आणि पोटासाठी पिकती अशा जमिनीवर इंधनाची झाडे लावणार असाल, तर त्या झाडांचा मालक कोण, हे आधी सांगा.

उसाचाही हिशेब असाच. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. कृष्णा-कोयनेकाठी ते पाणी दिसते. पण ऊस तोडायला येणारा कोयता येतो तो बीडच्या दुष्काळातून. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको सहा महिने कोपीत राहतात. त्याच बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर. इथेनॉलच्या पैशातून कारखान्याची डिस्टिलरी वाढते, शेतकऱ्याच्या दरावर आंदोलने होतात, ती व्हावीतच. कोयत्याचे नाव त्या हिशेबात कुठल्या रकान्यात आहे?

कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनावर १९०१ मध्ये लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह उतरले, गोरेगावला वडिलांकडे जायला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर ठरले ते असे, की दुप्पट भाडे मुलांनी द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. पैसा आपला, श्रम आपले, गाडी त्याची. आजच्या उसाच्या गाडीकडे पाहताना आम्हाला मसूरची ती गाडी आठवते.

आमचा मिश्र इंधनाला विरोध नाही. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या मोटारींना बीएस-६ चे कडक नियम लागू झाले. ट्रॅक्टरसाठीचे नियम वेगळे आणि सैल आहेत. तेव्हा कारखान्यांनी बायोडिझेल मिसळायला आपल्या ऊस वाहतुकीपासूनच सुरुवात करावी. करंजाचे बी गोळा करण्याचे आणि तेल गाळण्याचे काम भूमिहीन स्त्रियांच्या सहकारी संस्थांना द्यावे, गायरानावर लागवड करायची तर आधी कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढवावे, आणि इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे ठरावीक रक्कम ऊसतोड कामगारांच्या महामंडळाकडे जमा करावी. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाला प्रश्न विचारता येतो. जे आमचे बांधव सभासद आहेत, त्यांनी येत्या सभेत हा प्रश्न लेखी द्यावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.