छत्रपती संभाजीनगर–धाराशिव हवाई अंतर

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि धाराशिव (जुने नाव उस्मानाबाद) येथील विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे १९० किमी, म्हणजे जवळपास १०३ सागरी मैल आहे. रस्त्याने हेच अंतर २४० किमीच्या आसपास भरते.

हवाई अंतर दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. पृथ्वी गोल मानून (सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी) तिच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजेच बृहद्वृत्ताचा कंस, मोजला जातो. एवढ्या लहान पल्ल्यासाठी नकाशावर पट्टी ठेवून काढलेले उत्तरही फारसे वेगळे येत नाही.

वेळेचे गणित मात्र इतके सरळ नाही. ताशी सुमारे ५०० किमी वेगाच्या एटीआर-७२ विमानाला नुसत्या भागाकाराने २३ मिनिटे पुरतात. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, चढण आणि उतरण यांत बराच वेळ जातो. छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगाने थोडाच काळ उडते. शिवाय धाराशिवहून नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने हा प्रवासकाल कागदावरचाच ठरतो.

बीड तालुक्यातील चौसाळा हे गाव या हवाई रेषेच्या पश्चिमेस अंदाजे २० किमीवर, राष्ट्रीय महामार्ग ५२ वर (पूर्वीचा २११) आहे. बीड जिल्ह्यातही प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे चौसाळ्याच्या प्रवाशाला मांजरसुंबा, बीड, गेवराईमार्गे सुमारे १६० किमी जाऊन चिकलठाणा गाठावे लागते. त्यास साधारण तीन तास लागतात. तेथून मुंबईचे उड्डाण जेमतेम तासाभराचे असते.